सहा तासांचं पाणी

"सहा तास चढतं, सहा तास उतरतं. आमच्या वेनिसात पाण्याचं हे असंच, पोरी. त्याला एवढं काय घाबरायचं?" असे म्हणत घरमालकीणबाई सिओरा अमाबिलेंनी कपातला कॉफीचा गाळ खिडकीतून खाली ओतला. खाली काल संध्याकाळपर्यंत फरसबंद वाट होती. आज तिथे नुसते पाणी होते.

जेम्माने मान हलवली, पण ती खिडकीपाशी गेली नाही. खोलीच्या मधोमध, पलंगाचा लोखंडी दांडा घट्ट धरून ती उभी होती. तिच्या लग्नाला आठवडासुद्धा झाला नव्हता आणि तिचा नवरा उजाडण्याआधीच कुठेतरी निघून गेला होता. जाताना त्याने सिओरांकडून त्यांच्या दिवंगत नवऱ्याचे रबरी बूट मागून घेतले होते, एवढेच काय ते कळत होते. कुठे जातो, कधी येतो, हे त्याने कोणालाच सांगितले नव्हते.

सेवेरिनो आइस्क्रीमवाला होता. त्यांच्या डोंगरातले निम्मे पुरुष आइस्क्रीमवालेच. मार्च लागला की जर्मनीत जायचे, सगळा उन्हाळा तिथल्या लोकांना गोड खाऊ घालायचा आणि पाने गळाली की घरी परतायचे. त्यामुळे तिकडची लग्ने नोव्हेंबरात लागतात आणि मधुचंद्राला मंडळी ऐन गारठ्यात वेनिसला येतात. सहासष्ट सालच्या त्या नोव्हेंबरात हे दोघे आले ते असेच, सगळे येतात म्हणून. सेवेरिनो छत्तिशीला आलेला, जेम्मा चष्म्यांच्या कारखान्यात काम करणारी, एकोणतिशीची. घरच्यांनी जमवले आणि यांनी हो म्हटले. एकमेकांची ओळख पुढे होईल, घाई काय आहे, असा दोघांचाही हिशेब होता.

पण ओळख व्हायची ती भलतीच झाली. तीन दिवस सेवेरिनो तिला देवळे, राजवाडे, पूल दाखवत हिंडला आणि तीन दिवस जेम्मा भिंतीला चिकटून चालली. पाण्याकडेची बाजू तिने एकदाही घेतली नाही. पूल आला की ती डोळे मिटून घेई आणि पलीकडे गेल्यावर उघडत असे. सेवेरिनोला आधी गंमत वाटली. "शेळीशी लग्न लागलं म्हणायचं माझं," असे तो दोनदा म्हणाला. काल संध्याकाळी त्याने एक नाववाला ठरवला, स्वतः एक पाय नावेत टाकला आणि तिच्यासाठी हात पुढे केला. जेम्मा जागची हलेना. मागे लोक खोळंबले. नाववाला म्हणाला, "बायको बदलून मिळते का बघा साहेब, लग्न ताजंच दिसतंय." लोक हसले. त्यांच्याबरोबर सेवेरिनोही हसला, आणि ते हसणे तिच्या जिव्हारी लागले.

"मला घरी जायचंय," ती सगळ्यांदेखत ओरडली. "उद्याच. मी एकटी जाईन. आणि तुझ्या जर्मनीला तूही एकटाच जा."

सेवेरिनोचे हसू तिथेच मावळले. रात्री दोघे एका पलंगावर दोन ओंडक्यांसारखे पडून राहिले. आणि आज सकाळी त्याची बाजू रिकामी होती.

जेम्माची पाण्याची भीती काही जन्मजात नव्हती. तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात त्यांच्या खोऱ्यावरच्या धरणात डोंगर कोसळला आणि खालचे गाव झोपेतच धुऊन गेले. त्या गावात तिची थोरली बहीण पिएरिना दिली होती. सकाळी जेम्मा वडिलांबरोबर खाली उतरली, तेव्हा जिथे गाव होते तिथे पांढऱ्या गोट्यांचे सपाट मैदान होते. पिएरिनाची कसलीच खूण सापडली नाही. सेवेरिनो त्या वेळी जर्मनीत होता. परत आल्यावर सगळ्यांसारखा तोही भेटून गेला होता, टोपी हातात धरून चार शब्द बोलून. पण ते पाणी आणि हे पाणी एकच, हे काही त्याच्या डोक्यात आले नव्हते. आणि तिने सांगितलेही नव्हते. अशा गोष्टी सांगायच्या कशा, हे तिला ठाऊक नव्हते.

आता तिच्या मनात दोन भीती एकदमच उठत होत्या. एक म्हणायची, तो तुला टाकून गेला. दुसरी म्हणायची, तो बुडाला. पहिलीच खरी ठरावी, निदान तो जिवंत तरी असेल, असे तिला मध्येच वाटे.

"अगं, तो बघ की तुझा आइस्क्रीमवाला," सिओरा खिडकीतून म्हणाल्या. "पुलावर उभा आहे."

भीती बाजूला सारून जेम्मा खिडकीशी धावली. घरापासून हाकेच्या अंतरावर कालव्यावर एक छोटा, उंटाच्या पाठीसारखा पूल होता, लोखंडी कठड्याचा. त्याच्या माथ्यावर सेवेरिनो उभा होता, कोटाची कॉलर वर केलेली, टोपी भिजून कानांवर आलेली. पूल आणि घर यांच्यामध्ये कालव्याकाठची वाट होती. होती म्हणजे, असणार. पाणी त्याच्या गुडघ्यांवर गेले असते, आणि वाट कुठे संपते आणि कालवा कुठे सुरू होतो, हे वरून काही दिसत नव्हते. सगळे एकच सपाट, करडे, वाऱ्याने थरथरणारे पाणी.

त्याने एक पाय पायरीवरून खाली टाकला. सिओरांनी ताबडतोब आवाज चढवला. "थांबा, थांबा तिथंच. काठ दिसत नाही, एक पाऊल चुकलं की कालव्यात जाल. दुपारी पाणी फिरेल. सहा तास चढतं, सहा तास उतरतं. उगाच शूरपणा नको."

सेवेरिनोने पाय मागे घेतला. पाण्याच्या गावचा माणूस सांगतो तर ऐकावे, एवढी अक्कल डोंगरातल्या माणसाला असतेच. त्याने टोपी काढून सिओरांना नमस्कार केला आणि तो पुलावरच थांबला. तो आला ती मागची वाटही एव्हाना पाण्याखाली गेली होती.

जेम्माला त्याला हाक मारायची होती, पण मारायची कशी? तीन दिवसांत तिने त्याचे नाव एकदाही तोंडाने घेतले नव्हते. 'ऐकतोस का', 'ते बघ' एवढ्यावर काम भागत होते. आता एवढ्या लांबून 'ऐकतोस का' म्हणून कसे चालेल?

"सेवेरिनो," तिने हाक मारली. ते नाव तिला स्वतःच्याच कानाला नवे वाटले.

"काय गं?"

"कुठे गेला होतास?"

"स्टेशनवर. वाट बघायला."

"कसली वाट?"

"तुझ्यासाठी. पाणी न दिसणारी." वारा समोरून होता, त्यामुळे त्याला एकेक शब्द तोडून ओरडावे लागत होते. "गल्ल्यागल्ल्यांतून जाते. काठ कुठेच लागत नाही. पूल आहेत, पण तेवढ्यापुरते डोळे मीट. मी धरीन."

सिओरा तिच्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी हळूच तोंड दुसरीकडे वळवले.

"मला वाटलं, तू टाकून गेलास मला," शेवटी ती ओरडली.

सेवेरिनोने एक पाय उचलून दाखवला. मग म्हणाला, "सिओरांच्या नवऱ्याचे बूट पायात आहेत. ते घेऊन पळायला मी चोर आहे का?"

सिओरा खदखदून हसल्या. जेम्माही हसली, आणि हसता हसता तिला रडू आले. मग तिने एका दमात, अख्ख्या कालव्याला ऐकू जाईल अशा आवाजात, पिएरिनाची सगळी हकीकत त्याला सांगून टाकली. ते पांढरे गोटे, वडिलांनी हाताने उकरलेली वाळू, सगळे. घरात कधी जे बोलली नव्हती ते ती खिडकीतून ओरडून सांगत होती. सेवेरिनो कठड्याला धरून ऐकत होता. तिचे सांगून झाल्यावर त्याने टोपी काढली आणि ती परत घातली नाही.

दुपार झाली. देवळाच्या घंटा वाजल्या. समोरच्या भिंतीत नावा बांधायची एक लोखंडी कडी होती. सिओरांच्या लहानपणापासून ती त्यांची खूण. पाणी फिरले की आधी ती कडी उघडी पडते, मग तासाभरात वाट. सिओरा त्या कडीच्या जागेवर नजर लावून बसल्या. खाली त्यांचे स्वयंपाकघर होते, पिठाचा डबा, कोळसा, नवऱ्याची तसबीर, सगळे तिथेच होते. काहीच वर आणले नव्हते. पाणी उतरणार होते ना.

कडी काही दिसेना. वारा उलट वाढत चालला. समुद्राकडून येणारा तो दमट, गरम वारा पाण्याला परत जाऊच देत नव्हता. सकाळचे पाणी गेले नव्हते, आणि त्याच्यावर दुपारचे येऊन बसत होते. खालून काहीतरी धडकल्याचा आवाज आला. सिओरा जिन्यापर्यंत जाऊन आल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"उतरत नाहीये," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"माझ्या बापानं कधी बघितलं नाही. आज्यानं बघितलं नाही." सिओरांनी छातीवर क्रूसाची खूण केली. "पाणी उतरत नाहीये गं."

आपण घाबरतो तेव्हा जाणत्या माणसाच्या तोंडाकडे बघतो. ते शांत असले की आपला जीव थाऱ्यावर येतो. जेम्माने सकाळपासून त्या तोंडाकडेच बघून धीर धरला होता. आता तेच तोंड पांढरे पडले.

"मी थांब म्हणाले त्याला," सिओरा पुटपुटल्या. "गुडघाभर होतं तेव्हा. भिंतीला धरून आला असता तर येऊन गेला असता. मीच म्हणाले, थांब."

जेम्माला क्षणभर असे वाटले, की या बाईला ढकलून द्यावे. पण म्हातारी थरथर कापत होती. जेम्माने तिला पलंगावर बसवले, अंगावर गोधडी टाकली आणि ती पुन्हा खिडकीत गेली.

दुपारनंतर पाणी काळे होऊ लागले. घराघरांच्या शेगड्यांच्या तेलाच्या टाक्या फुटल्या होत्या. ते तेल जाडजूड थर धरून वाहत होते, आणि त्याच्या वासाने डोके उठत होते. त्यातून खुर्च्या गेल्या, एक पाळणा गेला, मेलेली कबुतरे गेली. पुलाच्या पायऱ्यांवर उंदीर चढून बसले. सेवेरिनोने त्यांना हाकलले नाही. थोड्या वेळाने त्याने पुलाचा मधलाच भाग पकडला, कारण दोन्ही बाजूंच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या. मग दावे तुटलेला एक कोळशाचा पडाव, मालाची मोठी सपाट नाव, वाऱ्याबरोबर आला आणि पुलाच्या कमानीवर आदळला. पडाव मागे जाई आणि पुन्हा आदळे. सेवेरिनो कठड्याला मिठी मारून बसला. पूल पडतो की राहतो, हे बघण्यापलीकडे कोणाच्याच हातात काही नव्हते.

"सेवेरिनो."

"आहे गं, आहे."

वीज सकाळीच गेली होती. संध्याकाळ झाली तशी सगळी वस्ती काळोखात बुडाली. मेणबत्ती लावायला सिओरा तयार होईनात. खाली सगळे तेल पसरले आहे, ठिणगी पडली तर, असे त्या म्हणत होत्या. पूल दिसेनासा झाला. मग उरली ती फक्त हाक. जेम्मा त्याचे नाव घेई आणि तो ओ देई. सुरुवातीला तो आणखीही काहीबाही बोले. जर्मनीतल्या दुकानाबद्दल सांगे, दुकानामागच्या खोलीत एकच खिडकी आहे पण ती रस्त्याकडे आहे, जवळपास नदी नाही, असे सांगे. हळूहळू त्याचा आवाज बसत गेला. आधी घोगरा झाला, मग फाटला.

आणि मग एका हाकेला ओ आलीच नाही.

जेम्माने पुन्हा हाक मारली. वारा तिचाच आवाज तिच्या तोंडावर आणून टाकत होता. पलंगावर सिओरांची माळ ओढण्याची कुजबुज थांबली. जेम्माने तिसऱ्यांदा, चौथ्यांदा हाक मारली. काळोखात पडाव तेवढा आदळत होता.

पिएरिनाला त्या रात्री कोणी हाक मारली नव्हती. मारायला कोणी उरलेच नव्हते. जेम्मा खोलीतून बाहेर आली, जिन्याच्या भिंतीला दोन्ही हात लावून चाचपडत उतरू लागली. तिची भीती कुठे पळून बिळून गेली नव्हती. एका पायरीवर तर ती बसूनच राहिली आणि परत वर जावे असे तिला वाटले. पण वरून हाक पोहोचत नव्हती. पाय पाण्यात गेला तेव्हा ती मोठ्याने किंचाळली. तेल तिच्या पोटऱ्यांना चिकटले. खालचे दार पाण्याने कधीच उघडून टाकले होते आणि ते पुलाच्या बाजूलाच होते. ती पायऱ्यांवर बसली, कमरेपर्यंत पाण्यात, आणि तिने त्या काळ्या दारातून हाक मारली.

"सेवेरिनो."

ठक, ठक.

ती कान देऊन ऐकू लागली. पडावाचा आवाज नव्हता तो. लोखंडावर काहीतरी बारीक वाजत होते.

"तू आहेस का तो?"

ठक, ठक, ठक.

आवाज गेल्यावर तो खिशातल्या चाकूने कठडा वाजवून तिच्या प्रत्येक हाकेला ओ देत राहिला होता. वर खिडकीत ते पोहोचतच नव्हते. जेम्मा जिन्याच्या भिंतीला डोके टेकवून रडली. मग ती तिथेच बसली आणि बोलत राहिली. काय बोलली ते तिला पुढे आठवेना. कारखान्यातल्या बायकांच्या गमती सांगितल्या, आईचा मक्याच्या कण्यांचा सांजा कसा करपतो ते सांगितले, पिएरिना लहानपणी तिला कशी चिमटे काढायची ते सांगितले. आणि तो पलीकडून वाजवत राहिला.

बोलता बोलता तिच्या लक्षात आले की वारा पडला आहे. कमरेला लागणारे पाणी मांड्यांवर आले होते. मग गुडघ्यांवर. सकाळपासून अडून बसलेले ते पाणी, कोणीतरी मोरीचा बोळा काढावा तसे, घोंघावत परत निघाले. दारातून खुर्च्या, पाट, पिठाचा डबा ओढत निघाले. त्याला जायची एवढी घाई झाली होती की जेम्माने दोन्ही हातांनी जिन्याचा कठडा धरून ठेवला.

सेवेरिनो आला तो भिंत चाचपत आला, जेम्मा तीन दिवस चालत होती तसाच. छातीपर्यंत तेलाने माखलेला. पायऱ्यांपाशी येऊन तो उभा राहिला आणि त्याने तोंड उघडले. त्यातून नुसती हवा आली.

सिओरांनी त्याला वर घेतले. पाणी प्यायलाच नव्हते, तर धुवायला कुठून येणार? त्यांनी व्हिनेगर आणि जुन्या चादरीच्या चिंध्या घेतल्या आणि त्या म्हातारीने गुडघे टेकून त्याचे पाय पुसले. "मी थांब म्हणाले," असे त्या पुनःपुन्हा म्हणत होत्या. सेवेरिनोने मान हलवली आणि ते बूट त्यांच्यापुढे नीट जोडून ठेवले.

पुढचे दोन दिवस दोघांनी सिओरांच्या स्वयंपाकघरातला काळा चिखल उपसला. फारसे बोलणे झाले नाही, कारण एकाला बोलताच येत नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी सेवेरिनोने जेम्माची पेटी उचलली आणि दाराकडे बोट केले. तिने घरी जायचे म्हटले होते, ते त्याच्या लक्षात होते.

त्याने तिला आपण शोधलेल्या वाटेनेच नेले. गल्ल्यांतून चिखलाचे, भिजलेल्या गाद्यांचे ढीग पडले होते. लोक दारात उभे राहून आपला संसार रस्त्यावर टाकत होते. स्टेशनवर तिकिटाच्या खिडकीपुढे रांग होती. यांची पाळी आल्यावर आतल्या माणसाने कुठे म्हणून विचारले. सेवेरिनोच्या गळ्यातून पुन्हा हवाच आली. त्याने डोंगरांच्या दिशेने हात केला, मग एक बोट वर केले आणि जेम्माकडे दाखवले.

"वर डोंगरात गाडी नाही," आतला माणूस म्हणाला. "पूल गेलेत, रस्ते गेलेत. त्रेविसोपर्यंत सोडतो, पुढचं देवाला ठाऊक. एकच ना?"

जेम्मा सेवेरिनोच्या त्या बोटाकडे बघत राहिली. नखांत अजून तेल होते. तिला चार दिवसांपूर्वी या माणसाचे नाव घ्यायची लाज वाटत होती. तिने त्याचा हात धरला आणि एका बोटाशेजारचे दुसरे बोट आपल्या हाताने उघडले.

"दोन," ती म्हणाली. "जिथपर्यंत जाते तिथपर्यंत."

त्याचा आवाज पुढे कधी पुरता परतला नाही. जर्मनीतल्या दुकानात गिऱ्हाइकांना हाका घालायचे काम दर उन्हाळ्यात जेम्माच करी, आणि तिथले लोक समजत की हा माणूस जन्माचाच अबोल आहे. तिनेही कधी कोणाला काही सांगितले नाही.

त्या सकाळी गाडी सुटली. स्टेशन मागे पडताच गाडी खाडीवरच्या लांब पुलावर आली आणि दोन्ही बाजूंना पाणी आले, आभाळाला टेकलेले, करडे, गप्प. जेम्माने बाकाची कड घट्ट धरली. सेवेरिनो उठला आणि खिडकीचा पडदा ओढू लागला.

"राहू दे," ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण डोळे उघडे होते.